सहा इंचांची परवानगी

घड्याळ बंद पडलं तर माणसाने ते घड्याळजीला द्यावं, कधी येऊ म्हणून विचारावं आणि मुकाट घरी यावं. काशिराम गायकर तिथेच स्टुलावर बसला, आणि चांगला दोन तास बसला. घड्याळजीच्या टेबलावर वीतभर लांबीचं एक पितळी यंत्र होतं. त्यात घड्याळजीने सुईएवढी तार धरली, एका हाताने धनुकली ओढली, दुसऱ्या हातातलं हत्यार तारेला टेकवलं, आणि तारेची बारीक पिवळी साल निघायला लागली. दहा मिनिटांत नवी खीळ तयार. काशिरामने विचारलं हे काय आहे, तर घड्याळजी डोळ्याचं भिंग न काढता म्हणाला, "लेथ." झालं. पनवेलच्या मीठ खात्यात अकरा वर्षं इकडचा कागद तिकडे करणाऱ्या माणसाला त्या दुपारी कळलं, की आपले हात मुळात लेथ चालवायला जन्मले आहेत. (हेच त्याला बाजाची पेटी, कॅमेरा आणि मधमाश्या यांच्या वेळीही कळलं होतं. मधमाश्यांचा विषय त्याच्या घरात अजून कोणी काढत नाही.)

आता लेथ घ्यायचा म्हणजे निवडायला नको? काशिराम तसा पद्धतशीर माणूस. वाचनालयाच्या रद्दीत त्याला एक इंग्रजी मासिक सापडलं, त्यात नवशिक्याने पहिला लेथ कसा निवडावा यावर मोठा लेख होता. त्यातली सुरुवातीची चार पानं वाळवीने खाल्ली होती, पण बाकीचा लेख काशिरामने डिक्शनरी घेऊन पाठ केला. ज्यावर सगळं यंत्र उभं असतं तो बेड सरळ हवा. फिरणाऱ्या दांड्याला ढिलाई नको. मोडकं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. आणि नवशिक्याने हाव धरू नये, लहानच घ्यावा. लहान म्हणजे केवढा, लेथ मोजतात कसा, हे बहुधा त्या चार पानांत असावं. ते वाळवीला कळलं, काशिरामला कळलं नाही.

मग त्याने माझगावच्या एका मोडीत निघालेल्या कारखान्याला पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं की दोन लेथ शिल्लक आहेत, एक साडेतीन इंची आणि एक सहा इंची, दोन्ही चालू, आणि पनवेल बंदरापर्यंत मचव्याने पोचवू. किंमत काय पडली ते इथे विचारू नका, बायकोलाही सांगितलेली नाही.

काशिरामने फूटपट्टी काढली. साडेतीन इंच म्हणजे करंगळीच्या जरा पुढे. एवढ्याशा यंत्रावर माणूस काय करणार, कान कोरायची काडी? घड्याळजीचा लेथ वीतभर, म्हणजे नऊ इंच भरेल, पण घड्याळजी पडला मुरलेला माणूस. आपण नवशिके, आपल्याला सहा इंच पुरे. धड लहान नाही, धड हावरटपणा नाही. अशी निवड अख्ख्या पनवेलीत कोणी केली नसेल, असं त्याला वाटलं. (ते खरंही होतं.) त्याने खिडकीच्या फळीवर पट्टीने मोजून पेन्सिलीच्या दोन खुणा केल्या आणि त्या वेणूला दाखवल्या.

वेणू त्याची बायको. माहेर विचुंब्याचं, सासर ओव्याचं. ओव्याच्या घरात तिने सहा वर्षं चौदा माणसांत काढली. आपलं असं काही तिथे तिला नव्हतं, कपड्यांची वळकटीसुद्धा जावेच्या पेटीवर ठेवायची. दोन वर्षं खटपट करून दाऊदशेठच्या घराच्या माडीवरची ही एक खोली मिळाली, तेव्हा पहिल्या दिवशी तिने दाराला आतून कडी लावली आणि काही न करता नुसती तासभर बसून राहिली. काशिराम बाहेर जिन्यात उभा होता. आपली स्वतःची कडी लावून बसण्यात काय सुख असतं ते त्याला तेव्हा कळलं नाही, पण ती हसत बाहेर आली एवढं त्याने पाहिलं होतं.

तेव्हा वेणूने त्या पेन्सिलीच्या खुणांकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मशीन आणा नायतर हत्ती आणा. पण या खोलीला धक्का लागला तर मी ओव्याला परत जायची नाय. सरळ विचुंब्याला जाईन. मग तुमी आणि तुमची मशीन बसा एकमेकांच्या तोंडाकडं बघत."

रागावली की वेणूच्या 'तुम्ही'चं 'तुमी' व्हायचं. काशिरामला तेवढी खूण पुरायची.

आणि धास्ती खोटी नव्हती. घरमालक दाऊदशेठ म्हणजे बावीस वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत काढून आलेला माणूस. यंत्रांचा आवाज जन्माचा ऐकून झाला होता, आता त्याला घरात शांतता हवी होती. माडीवर दणदण चालणार नाही, हा त्याचा कायदा. आधीच्या भाडेकरणीने माडीवर उखळ मांडून मसाला कुटला, तर तिसऱ्या दिवशी उखळ, मुसळ आणि बाई तिघंही रस्त्यावर होती. म्हणून काशिराम आधी परवानगीला गेला, आणि ती तोंडी नको, लेखी हवी म्हणाला. (कारकून शेवटी.)

"किती इंची आणतोस?" दाऊदशेठने विचारलं.

"सहा, चाचा."

दाऊदशेठने चष्मा कपाळावर चढवला. "सहा? नवखा माणूस तू, साडेतीन का नाही घेत?"

"साडेतीन फारच चिमुकली वाटते."

दाऊदशेठ त्याच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने, जवळजवळ कौतुकाने बघायला लागला. मग म्हणाला की सहाला आपली ना नाही. मात्र सहाच्या वर, आठ-दहा इंची आणलीस तर माझ्या भिंती हलतील, आणि मग त्याच दिवशी खोली खाली करायची. कबूल? काशिरामला नवल वाटलं. दोन इंचांनी कुठे भिंती हलतात? पण ज्याचं घर त्याची काळजी. तो कबूल म्हणाला. दाऊदशेठने कागदावर लिहून सही केली, 'काशिराम गायकर यांना सहा इंची लेथ ठेवण्यास माझी हरकत नाही,' आणि वर म्हणाला की ठेवायची जागा मी दाखवीन. खिडकीतली सहा इंच जागा दाखवायला हा म्हातारा जिने चढून येणार, या विचाराने काशिरामला हसू आलं. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि पुढे चार दिवस खिशातून काढला नाही.

याच सुमाराला वेणूची दाढ सुजली. गाल एवढा फुगला की एक डोळा मिटला. तोंडाला फडकं बांधून, टांग्यात बसून, कण्हत कण्हत ती विचुंब्याला आईकडे गेली. तिथला कोणी वैदू दाढेला झाडपाला देतो म्हणे. ती जाताना बाजारातल्या सगळ्यांनी पाहिली. आणि ती गेल्यावर चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मचवा दुपारी येणार असल्याचं कार्ड आलं.

दुपारच्या भरतीला काशिराम बंदरावर हजर. हातात कापडी पिशवी. पिशवीत वेणूच्या ट्रंकेतलं एक मऊ लुगडं, मशीनला रस्त्यात ओरखडा उठू नये म्हणून. ट्रंकेत हात घालून जे सगळ्यात मऊ लागलं ते त्याने उचललं होतं. रंग हिरवा होता की पिवळा, हे पुरुषमाणसाच्या ध्यानात कुठे राहतं?

मचव्याचा तांडेल बुधाजी, काळाकभिन्न माणूस, धक्क्यावर येरझारा घालत होता. काशिरामने त्याला आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला की माझं एक लहानसं पार्सल आहे.

"गायकर तुमीच काय?" बुधाजी म्हणाला. "कवाधरनं वाट बगतंय. पाणी उतराय लागलंय. माणसां कुठं हायत?"

"कसली माणसं?"

"उचलाय."

"मी आहे की," म्हणून काशिरामने पिशवी उघडून दाखवली. बुधाजीने पिशवीत पाहिलं, मग काशिरामकडे पाहिलं, आणि आपल्या खलाशाला हाक मारली, इकडं येऊन जरा ही पिशवी बघ म्हणून.

मचव्याच्या पोटात, गवताच्या पेंढ्यांवर, पुरुषभर लांबीचं एक काळं लोखंडी धूड आडवं पडलं होतं. एका टोकाला माणसाच्या डोक्याएवढा गोल उंचवटा, मध्ये सपाट, दुसऱ्या टोकाला पुन्हा पावलं उभी असावीत तसा लहान उंचवटा. चार लोखंडी पाय सोडून बाजूला वेगळे बांधले होते. वजन अकरा मण. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सहा इंची लेथ, एक.'

काशिरामच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बुधाजीला विनवलं की हे परत घेऊन जा, काहीतरी चूक झाली आहे. बुधाजी म्हणाला परतीला तांदूळ भरायचा आहे, आणि पाणी घोट्यापर्यंत उतरायच्या आत मचवा निघाला नाही तर चिखलात रुतून रात्रभर इथेच बसेल. उतरवून घेता की खाडीत लोटू, एवढंच सांगा. खाडी डोळ्यांदेखत मागे सरत होती. काठावरचा चिखल उघडा पडायला लागला होता. काशिरामने धावत जाऊन आठ हमाल आणले आणि काळूरामची बैलगाडी आणली. शेवटचा हमाल गुडघाभर चिखलात उभा राहून ओढत होता तेव्हा ते धूड एकदाचं गाडीवर चढलं.

आता पुढे काय? खिशात कागद होता आणि कागदावर सहा इंच होते. गाडीवर पाच फूट होते. दाऊदशेठने नुसती नजर टाकली की त्याच दिवशी खोली गेली, आणि खोली गेली की वेणू गेली. काशिरामच्या डोळ्यांपुढे विचुंब्याच्या वाटेला लागलेली वेणूची पाठ दिसायला लागली. त्याने ठरवलं की आत्तापुरतं हे झाकून न्यायचं, मागच्या दाराने परसात पेंढ्याखाली लपवायचं आणि सोमवारी माझगावला सणसणीत पत्र टाकायचं. झाकायला काय? पिशवीतलं लुगडं होतंच. नऊवारी असल्याने डोक्यापासून शेवटापर्यंत व्यवस्थित पुरलं, वर चारी बाजूंनी नीट खोचताही आलं. लुगडं निघालं हिरवंगार.

वाचकहो, तुम्ही जाणते आहात. हिरवं लुगडं पांघरून आडवी सुवासिनी कधी नेतात, हे तुम्हाला सांगायला नको. काशिरामलाही एरवी सुचलं असतं. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात फक्त इंच होते.

तळ्याकडून मागच्या रस्त्याने जायचं, तर नळाच्या कामासाठी तो रस्ता खणलेला. गाडी बाजारातूनच काढावी लागली. पुढे काळूराम, मागे उतरलेल्या चेहऱ्याने चालणारा काशिराम. पहिल्याच खड्ड्यात गाडी कलली तसा काशिराम कळवळून म्हणाला, "हळू, काळूराम. डोकं सांभाळ, सगळं वजन डोक्याकडे आहे."

"आणि पाय?" काळूरामने मागे न बघता विचारलं.

"पाय वेगळे झालेत ना, ते खाली बांधून ठेवलेत."

हे शब्द रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेल्या मैनाच्या कानावर पडले. तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. गायकरणीला चार दिवसांमागे तोंड बांधून टांग्यातून नेताना तिने पाहिलं होतं. आता बंदरावरून गाडी येत होती, म्हणजे मुंबईच्या इस्पितळात नेली असणार. आणि पाय वेगळे, म्हणजे तिथे काय झालं असेल ते देवच जाणे. मैनाने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने वाण्याला, आणि गाडी वाण्याच्या दुकानाशी पोचायच्या आत वाण्याने दुकानाची एक फळी लावली होती.

लोक उठून उभे राहायला लागले. टोप्या उतरल्या. काशिरामला बरं वाटलं. पनवेलच्या माणसांना यंत्राविषयी एवढा आदर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. एका म्हातारीने पुढे येऊन लुगड्यावर हळद-कुंकू वाहिलं, कोणी नारळ ठेवला. नवी मशीन म्हटलं की पूजा करतातच, तेव्हा त्यातही त्याला काही वावगं दिसलं नाही. उलट हे सगळं पाहून दाऊदशेठला आधीच वर्दी जाईल या भीतीने त्याला घाम फुटला. तेवढ्यात त्याचे हेडक्लार्क गर्दीतून आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की दहा दिवस कचेरीत यायचं नाही, रजेचं मी बघतो. मशीन बसवून घ्यायला दहा दिवस लागतात हे हेडक्लार्कना कसं ठाऊक, याचं काशिरामला मोठं कोडं पडलं.

"कशाने झालं हो?" हेडक्लार्कनी हलक्या आवाजात विचारलं.

"मापाची चूक, साहेब."

"डॉक्टरची?"

"माझीच. मी सहा म्हणजे फार नाही असं समजलो."

हेडक्लार्क दोन पावलं मागे सरले. त्यांनी ते मागच्या माणसाला सांगितलं, आणि डोस स्वतः नवऱ्यानेच चुकवला ही बातमी गाडीच्या पुढे धावायला लागली. मागे पन्नास-साठ माणसं झाली होती. काशिरामला ती परतवताही येईनात आणि लपवताही येईनात. एवढ्या मिरवणुकीनिशी मागच्या दाराने कसं जाणार? गाडी सरळ दाऊदशेठच्या पुढच्या दारात येऊन थांबली.

दाऊदशेठ पायरीवर उभा होता. शेजारी त्याची बायको सफूराबी पदराने डोळे पुसत होती.  आता लपवण्यात अर्थ नव्हता. झालं ते सांगून टाकावं आणि पाय धरावेत, असं ठरवून काशिराम पुढे झाला.

"चाचा, चुकलो. एवढी मोठी येईल असं वाटलं नव्हतं."

दाऊदशेठने त्याला छातीशी धरलं. "आफत अशीच येते, बेटा. लहान-मोठी बघून येत नाही."

"खोली खाली करू का?"

"पागल झालास? आज खोलीचं कोण बोलतंय? ती खोली तुझी. मी जिवंत आहे तोवर तुला तिथून कोणी हलवणार नाही. हे सगळे साक्षी आहेत."

काशिरामला हुंदका आवरला नाही. बंदरापासून इथवर कोरडा आलेला माणूस भर रस्त्यात ढसाढसा रडायला लागला. गर्दीत कोणी म्हणालं, फुटला एकदाचा, बरं झालं. काशिरामने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि धीर करून विचारलं, "मग हिला वर नेऊ?"

"ने. घर तिचंच होतं. पण बेटा, फार वेळ ठेवू नकोस. दिवस कलायला लागला."

"फार वेळ कसला, चाचा? मी तर कायमचीच ठेवणार. रोज तेल लावून पुसत जाईन, म्हणजे गंज चढणार नाही."

दाऊदशेठने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग कोणालातरी हळूच सांगितलं की याला सावलीत बसवा आणि पाणी द्या.

नेमक्या याच वेळी विचुंब्याहून पायी आलेली वेणू गर्दीच्या शेवटाला येऊन पोचली. गाल अजून सुजलेला, तोंडाला फडकं, डोक्यावर आईने दिलेल्या तांदळाचं गाठोडं. आपल्याच दारात मयत पाहून ती चरकली. तिने पुढच्या माणसाला विचारलं, "कोण गेलं वो?"

तो माणूस मागे न बघता म्हणाला, "गायकरची बायको."

"कंच्या गायकरची?"

"आपल्या काशिरामची. मीठ खात्यातल्या."

 वेणूने गाठोडं खाली ठेवलं, आणि एवढ्या थंडपणे विचारलं की तो शब्द काशिरामपर्यंत स्पष्ट ऐकू आला, "कंची बायको?"

गर्दी आपोआप दुभंगली. सफूराबीने तिला पाहिलं आणि मटकन पायरीवर बसली. वाण्याने रामाचं नाव घेतलं. वेणूचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ती सरळ गाडीपाशी आली, तिने त्या हिरव्या लुगड्याचा काठ हातात घेऊन पाहिला. सवतीचं दुःख एक वेळ माणूस गिळतो, पण ते लुगडं तिच्या लग्नातलं होतं.

"दुसरी केलीत ती केलीत," ती म्हणाली. "पण तिला माझं लुगडं कशाला नेसवलंत?"

आणि तिने लुगडं खस्सकन ओढलं. हळद-कुंकू उधळलं, नारळ गडगडत गटारात गेला, आणि पाच फूट काळं लोखंड पनवेलकरांच्या समोर उघडं पडलं.  मैना पुढे वाकून पाय शोधत होती.

काशिरामने डोळे मिटून घेतले. खोली गेली, हे त्याला कळून चुकलं. पण उघडून पाहतो तर दाऊदशेठ गाडीवर चढला होता. त्याने एक डोळा मिटून लोखंडाच्या धारेवरून लांबवर नजर टाकली. डोक्याकडचा दांडा हाताने गर्रकन फिरवून त्याला कान लावला. म्हाताऱ्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता.

"बेड सरळ. ढिलाई नाही. वा," तो म्हणाला. "आणि सहा इंची. बरोबर."

"सहा?" काशिराम म्हणाला. "चाचा, ही पाच फूट आहे."

"लेथ लांबीने मोजत नाहीत, अरे येड्या. हा खालचा बेड, आणि हा, काम पकडायच्या टोकाचा मध्य. एवढी उंची मोजतात. बघ, सहा. मी म्हटलं, गडी नवखा आहे पण सहा इंची घेतोय, हिंमत आहे. मागच्या लाकडाच्या खोपटातली सगळी लाकडं हलवून चार दिवस खपून जागा करून ठेवलीय मी. तू काय समजला होतास?"

 उत्तर वेणूने दिलं. वर खिडकीत पेन्सिलीच्या दोन खुणा हायत, तिने सगळ्यांना सांगितलं, ज्याला बघायच्या त्याने येऊन बघाव्यात. मग लोक असे हसले की बैल बुजले. हेडक्लार्क तेवढे हसले नाहीत. दहा दिवसांची रजा रद्द, सोमवारी वेळेवर या, असं सांगून ते निघून गेले.

हसणं ओसरल्यावर वेणूच्या ध्यानात हळूहळू एकेक गोष्ट यायला लागली. सवत नव्हती, हे एक बरं झालं. पण मग मेलं कोण होतं? तिने मैनाला विचारलं. मैनाने काही हातचं न राखता सांगितलं. तूच गेलीस म्हणून आम्ही सगळे हळहळलो, दुकानं लावली, हळद-कुंकू वाहिलं. तुझा नवरा मात्र बंदरापासून इथवर डोळ्यांत टिपूस न आणता आला. रडला तो एकदाच, दाऊदशेठने खोली राहू देतो म्हटल्यावर.

काशिराम समजावायला गेला की अगं, तू मेलीस हे मलाच ठाऊक नव्हतं. पण हे वाक्य कोणत्याही बाजूने बोललं तरी बरं लागेना. वेणूने लुगड्याची घडी केली, गाठोडं उचललं आणि ती जिना चढून गेली.

तासाभरात आठ माणसांनी लेथ खोपटात नेला. पाय जोडले गेले. दाऊदशेठने स्वतः कुठून तरी तेलाची बाटली आणली आणि फडक्याने पुसत बसला, बावीस वर्षांतली एकेक आगबोट आठवत. काशिराम माडीवर गेला, तर दाराला आतून कडी. त्याने आधी हळू हाक मारली, मग जरा मोठ्याने, मग मधमाश्यांच्या वेळी घातली होती तीच शपथ घातली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, त्याही एकाच माणसापुरत्या. शेवटी, "खोली वाचली ना? मग मी आहे खोलीत. तुमी मशीनपाशी ऱ्हावा," एवढं ऐकू आलं.

तो खाली आला. दाऊदशेठपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला की चाचा, ती काही दार उघडत नाही. निदान या खोपटात लेथशेजारी पथारी टाकायची परवानगी द्या.

दाऊदशेठने तेलाचे हात फडक्याला पुसले आणि कागद मागितला. काशिरामने खिशातून काढून दिला. म्हाताऱ्याने चष्मा लावून तो सावकाश, दोनदा वाचला, मग एकदा काशिरामला नखशिखांत न्याहाळलं.

"मी लिहून दिलंय ते सहा इंचीचं," तो कागद परत देत म्हणाला. "साडेपाच फुटीचं वर जाऊन विचार."